खोल समुद्राच्या गारव्यातून गोडं पाणी

लक्षद्वीपच्या बेटांवर नदी नाही, ओढाही नाही. पावसाचं पाणी पोवळ्यांच्या वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. विहिरींचा उपसा वाढला की खालचं खारं वर चढतं, विहीर मचूळ होते. कवरत्ती बेटावर २००५ साली यावर उपाय निघाला, तो समुद्रातूनच. चेन्नईच्या राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेनं रोज एक लाख लिटर गोडं पाणी देणारा प्रकल्प तिथे उभारला.

त्यामागचं शास्त्र शाळेतलंच आहे. हवेचा दाब उतरला की पाणी कमी तापमानाला उकळतं. उंच डोंगरावर डाळ लवकर शिजत नाही ती यामुळेच. प्रकल्पाच्या टाकीतली हवा पंपानं इतकी काढून घेतात की समुद्राचं २८ अंशांचं वरचं पाणी आत येताच उकळू लागतं. मीठ मागे राहतं. वाफ निववायला सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरचं गार पाणी नळानं वर आणतात. वाफेचं पाणी झालं की ते पिण्याजोगं.

खारं पाणी गोडं करणाऱ्या आरओ प्रकल्पात समुद्राचं पाणी हवेच्या दाबाच्या ५५ ते ७० पट जोरानं पडद्यांतून रेटावं लागतं. पडदे तुंबतात, बदलावे लागतात, आणि मागे उरतं दाट खारं पाणी. कवरत्तीत शंभर लिटरमधून जेमतेम एक लिटरची वाफ होते, म्हणून समुद्रात परत जाणारं पाणी किंचितच जास्त खारं असतं. पोवळ्यांच्या बेटाला ही गोष्ट फार मोलाची. २०११ साली मिनिकॉय आणि अगत्तीतही असे प्रकल्प आले.

उणीव आहे ती विजेची. पंप चालतात मुख्यतः डिझेलच्या जनित्रांवर, आणि डिझेल येतं मुख्य भूमीवरून जहाजानं. पाण्यासाठी डिझेलची वाट पाहावी लागणं मला खटकतं. म्हणूनच वरच्या आणि खालच्या पाण्याच्या तापमानातल्या फरकावर वीजही तयार करायचा या संस्थेचा प्रयत्न महत्त्वाचा वाटतो.

हे तंत्र कोकणात जसंच्या तसं आणता येणार नाही. लक्षद्वीपला किनारा सोडताच समुद्र खोल होतो. मुंबईसमोर मात्र उथळ पट्टी दोनशे किलोमीटरांहून रुंद आहे. पण चेन्नईच्या औष्णिक वीजकेंद्रात याच संस्थेनं वेगळी वाट काढली: यंत्रं थंड करून बाहेर पडणारं कोमट पाणी उकळवायचं आणि वाफ निववायला समुद्राचं साधं पाणी वापरायचं. तापमानातला सुमारे आठ अंशांचा फरक तिथे पुरला. तारापूरच्या अणुवीज केंद्रातूनही असं कोमट पाणी रोज समुद्रात जातं. त्याचा हिशेब मांडायला हवा.