खेळांतला घोडेस्वार आणि इतिहासांतला घोडेस्वार

हल्लीं सुटीच्या दिवसांत घरांतील तरुण मंडळी पडद्यावरील खेळांत गढून गेलेली असते, आणि वडील माणसें ‘काय हा वेळेचा अपव्यय!’ असें म्हणून तोंड फिरवितात. आम्हीही त्यांतलेच. परंतु परवां कॉलेजांत जाणाऱ्या आमच्या पुतण्यानें खेळ थांबवून आम्हांस विचारिलें, “काका, पॉल रिव्हीर हा मनुष्य खरोखर होऊन गेला कां? आणि त्या रात्रीं त्याच्या घोड्यावर आणखी कोणी होता कां?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. ज्या खेळाकडे पाहून आम्ही नाक मुरडीत होतों, त्यानें मुलाला एका देशभक्ताचें नांव तरी दिलें होतें. आमच्यापाशीं तेंही नव्हतें. म्हणून आम्हीं या गोष्टीचा थोडा शोध घेतला, तो वाचकांस सादर करितों.

हा खेळ म्हणजे यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनें इ. स. २०१२ मध्यें प्रसिद्ध केलेला ‘असॅसिन्स क्रीड ३’. त्याचें कथानक अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळांतलें आहे. नायक कॉनर हा मोहॉक जमातीच्या मातेचा व इंग्रज पित्याचा पुत्र. तो सर्वस्वीं कल्पित. परंतु त्याच्या भोंवतीं वावरणारे जॉर्ज वॉशिंग्टन, सॅम्युअल ॲडम्स इत्यादि पुरुष इतिहासांतले. एका प्रसंगांत रिव्हीर हा कॉनरच्या घोड्यावर मागें बसतो आणि काळोखांतून कोठें वळावयाचें, तें ओरडून सांगत जातो.

आतां इतिहास काय सांगतो तें पाहूं. इ. स. १७७५ च्या एप्रिल महिन्यांतील १८ तारखेची ती रात्र. बोस्टन शहरांत ब्रिटिश सैन्याचा तळ होता. कॉन्कर्ड गांवीं वसाहतवाल्यांनीं जमविलेली युद्धसामग्री नष्ट करण्यासाठीं एक तुकडी निघणार, अशी वार्ता डॉक्टर जोसेफ वॉरन यांस लागली. वाटेवरील लेक्सिंग्टन गांवीं ॲडम्स व जॉन हॅनकॉक हे पुढारी उतरले होते. तेही पकडले जातील अशी भीति होती. वॉरन यांनीं दोन दूत दोन वाटांनीं धाडिले. विल्यम डॉझ खुष्कीनें गेला. रिव्हीर होडींत बसून, ‘सॉमरसेट’ नांवाच्या ब्रिटिश युद्धनौकेजवळून, चार्ल्स नदीपलीकडे गेला आणि तेथें मागून घेतलेल्या घोड्यावर स्वार झाला. आपणांस नदी ओलांडतां न आली तरी निरोप पोंचावा, म्हणून त्यानें एका चर्चच्या मनोऱ्यावर दोन कंदील लावण्याची व्यवस्थाही आधींच करून ठेविली होती. घोड्यावर तो एकटाच होता.

मध्यरात्रीच्या सुमारास त्यानें लेक्सिंग्टन येथें निरोप पोंचविला. मागून डॉझही आला, आणि दोघे पुढें कॉन्कर्डकडे निघाले. वाटेंत सॅम्युअल प्रेस्कॉट हा तरुण डॉक्टर त्यांस मिळाला. इतक्यांत ब्रिटिश पहाऱ्यानें त्यांस गांठलें. प्रेस्कॉटनें दगडी कुंपणावरून घोडा उडवून कॉन्कर्ड गांठलें. डॉझ निसटला, पण त्याचा घोडा गेला. आणि रिव्हीर पकडला गेला! शिपायांनीं त्याचा घोडा काढून घेऊन त्यास सोडून दिलें. तेव्हां चाळीस वर्षांचा हा गृहस्थ पायींच लेक्सिंग्टनला परतला. पहांटे तेथें युद्धाच्या पहिल्या गोळ्या सुटल्या, तेव्हां तो हॅनकॉकची कागदपत्रांची पेटी सुरक्षित जागीं नेण्यास हातभार लावीत होता.

मग तीन स्वारांपैकीं एकाचेंच नांव जगभर कां गाजलें? याचें उत्तर एका कवितेंत आहे. लाँगफेलो या कवीनें इ. स. १८६० मध्यें रिव्हीरवर कविता रचिली. ती पुढील वर्षाच्या जानेवारींत छापली गेली. तींत रिव्हीर कॉन्कर्डपर्यंत पोंचतो. डॉझ व प्रेस्कॉट यांचा उल्लेखही नाहीं. देश यादवीच्या उंबरठ्यावर होता. कवीस इतिहास लिहावयाचा नव्हता, बांधवांस जागें करावयाचें होतें. तें त्यानें उत्तम साधिलें. परंतु अमेरिकेंतील मुलांनीं पिढ्यान्‌पिढ्या तीच कविता पाठ केली, आणि तिलाच इतिहास मानिलें.

गंमत अशी कीं, हें तंत्र रिव्हीरलाही अवगत होतें. धंद्यानें तो चांदीचीं भांडीं घडविणारा कारागीर. तांब्याच्या पत्र्यावर चित्रेंही कोरी. इ. स. १७७० मध्यें बोस्टनच्या रस्त्यांत ब्रिटिश शिपायांच्या गोळीबारानें पांच माणसें मेलीं, तेव्हां त्यानें त्या प्रसंगाचें चित्र छापून विकलें. प्रत्यक्षांत तेथें गोंधळ व झटापट झाली होती. चित्रांत मात्र शिपाई रांगेंत उभे राहून अधिकाऱ्याच्या हुकुमानें गोळ्या झाडीत आहेत! शिवाय मूळ रेखाटन हेन्री पेलहॅमचें, आणि आपलें चित्र उचलल्याबद्दल त्यानें रिव्हीरला संतापून पत्र लिहिलें. म्हणजे ज्यानें एका प्रसंगास स्वपक्षाचा रंग दिला, त्यालाच पुढें दुसऱ्यानें रंगविलें.

खेळानें घोड्यावर एक कल्पित स्वार चढविला, कवितेनें दोन खरे स्वार उतरविले. यांत अधिक दोषी कोण? खेळ तर आपण कल्पित कृति असल्याचें आरंभींच सांगतो. आमच्या मतें दोष आहे तो पहिली ऐकलेली गोष्ट शेवटची मानणाऱ्या आपल्या आळसाचा.

रंग पुसल्यानें रिव्हीर लहान होतो असें आम्हांस वाटत नाहीं. तो दांत बसविण्याचें कामही करी. रणांत पडलेल्या वॉरन यांचा देह इ. स. १७७६ मध्यें उकरला, तेव्हां आपण बसविलेल्या दांतावरूनच त्यानें तो ओळखिला. इ. स. १७७९ च्या पेनॉब्स्कॉट मोहिमेंत अपयश आलें व त्याच्यावर ठपका आला. त्यानें स्वतः चौकशी मागून घेतली, आणि इ. स. १७८२ मध्यें तो निर्दोष ठरला. साठी उलटल्यावर त्यानें तांब्याचे पत्रे तयार करण्याचा कारखाना काढिला. बोस्टनच्या राज्यभवनाच्या घुमटावर त्याच कारखान्याचें तांबें चढलें. इ. स. १८१८ मध्यें तो वारला.

हें सारें आम्हीं पुतण्यास सांगितलें, तेव्हां तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, “म्हणजे तो पकडला गेला, तरी निरोप पोंचलाच!” आमच्या चार पानांच्या टिपणांतून जें आम्हांस सुचलें नव्हतें, तें त्यानें एका वाक्यांत सांगितलें. त्या रात्रीं घोड्यावर माणूस एकच होता, पण गांवोगांवीं निरोप नेणारे घोडे अनेक होते; म्हणून तर काम फत्ते झालें. वाचकहो, आपल्या घरांतील मुलें असले खेळ खेळत असतील तर दुरून रागावूं नका. जवळ जाऊन बसा, आणि पडद्यावरचें कोणतें नांव खरें आहे, एवढें त्यांस विचारा. उत्तर शोधण्यास त्यांच्याबरोबर आपणही निघालों, तर त्यांत कमीपणा नाहीं.