काचेच्या पेटीतला समुद्र

भंडारा हा तलावांचा जिल्हा. येथे गावोगावी जुने मालगुजारी तलाव आहेत; लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. या तलावांत मासे वर्षानुवर्षे वाढतात. त्यांचे पाणी कोणी बदलत नाही की त्यांना गाळणी लावत नाही. पण अशा तलावातले चार लहान मासे आणून शाळेतल्या नव्या काचपेटीत सोडा. काच लख्ख, पाणी स्वच्छ, खाणे वेळेवर; तरीही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मासे एकेक करून मरू लागतात. पाणी तर आरपार दिसत असते! मग चुकते कोठे?

याचे उत्तर शोधण्यासाठी आपण सर्वांत अवघड पेटीचा विचार करू. ती म्हणजे खाऱ्या पाण्याची, प्रवाळ ठेवलेली पेटी. तेथे चूक झाली तर ती लगेच उघडी पडते. एकदा ती पेटी समजली, की गोड्या पाण्याची पेटी समजणे सोपे जाते.

मिठाचा हिशेब

भंडारा कोणत्याही समुद्रकिनाऱ्यापासून सरळ रेषेतही पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेव्हा समुद्र घरीच तयार करावा लागतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या पेटीला साडेतीन किलो क्षार लागतात. स्वयंपाकाचे मीठ मात्र येथे चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट, बायकार्बोनेट असे पुष्कळ काही असते आणि प्रवाळाला आपला सांगाडा बांधण्यासाठी कॅल्शियम हवेच असते. म्हणून या सर्वांचे तयार मिश्रण वापरतात.

मे महिन्यात आपल्याकडे पाणी झपाट्याने उडते. समजा, पेटीतले ५ लिटर पाणी उडाले. क्षार काही उडत नाहीत. ते साडेतीन किलो आता ९५ लिटरमध्ये आहेत, म्हणजे लिटरला जवळजवळ ३७ ग्रॅम. म्हणून उडालेल्या पाण्याची भर नेहमी गोड्या पाण्याने करायची. खारे पाणी घातले तर दर वेळी खारटपणा वाढतच जाईल.

न दिसणारी घाण

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मासा खातो तेव्हा अन्नातील प्रथिनांचे विघटन होऊन अमोनिया तयार होतो. तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडला जातो. उरलेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनिया निघतो. अमोनियाला रंग नाही आणि थोड्या प्रमाणात असला तर त्याचा वासही येत नाही. म्हणूनच पाणी आरपार दिसते आणि मासे मात्र गुदमरतात.

खाऱ्या पाण्यात हा धोका अधिक असतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत राहतो. त्यांपैकी एक, अमोनियम आयन, फारसे अपायकारक नाही. दुसरे, मुक्त अमोनिया, फार विषारी आहे. पाणी जितके अल्कधर्मी, तितके दुसऱ्या रूपाचे प्रमाण जास्त. सामू ७ असताना मुक्त अमोनिया शेकडा एकपेक्षाही कमी असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.३ असतो आणि तेथे हेच प्रमाण शेकडा सात-आठच्या आसपास जाते. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण विष दसपट!

गाळणी म्हणजे केवळ चाळण नव्हे

गाळणी म्हटले की आपल्यापुढे चहाची गाळणी येते. पेटीतल्या गाळणीचा स्पंजही कचरा अडवतो. पण अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो. तो कोणत्याही स्पंजातून सहज निसटतो. त्याचा बंदोबस्त करतात ते स्पंजाच्या छिद्रांत राहणारे जीवाणू. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट बनवतात. नायट्राइटही विषारीच, पण दुसरे जीवाणू त्याचे नायट्रेट बनवतात आणि ते बरेच कमी अपायकारक असते. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जीवाणू वेगळे करून दाखवले. पुढे २००५ साली अमेरिकेतील सिॲटल शहराच्या मत्स्यालयातील खाऱ्या पेटीतून आर्किया गटातील एक सूक्ष्मजीव वेगळा करण्यात आला. तोही अमोनियावरच जगतो. जीवाणूंहून वेगळ्या गटातला जीव हे काम करतो, हे त्यामुळे पक्के समजले.

हे जीव सावकाश वाढतात. नव्या पेटीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपले मासे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात का मेले, हे आता लक्षात आले असेल. अमोनिया तयार होत होता, पण त्याला पचवणारे अजून आलेच नव्हते!

आणखी एक चूक हमखास होते. गाळणी घाण दिसली, की आपण स्पंज नळाखाली खसखसून धुतो. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. ते या उपयोगी जीवाणूंनाही मारते. म्हणून स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

दगड आणि फेस

नायट्रेट साचत गेले तर प्रवाळाला ते सोसत नाही आणि शेवाळ माजते. १९६१ साली इंडोनेशियातील ली चिन एंग या मत्स्यप्रेमीने आपली पद्धत जगापुढे मांडली. त्याने पेटीत समुद्रातले सच्छिद्र दगड ठेवले आणि केवळ हवेचे बुडबुडे सोडले. हे दगड म्हणजे जिवंत गाळणीच असते. त्यांच्या बाहेरच्या थरात अमोनियाचे नायट्रेट होते. आत खोलवर प्राणवायू पोचत नाही. तेथे राहणारे वेगळे जीवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू मोकळा करतात. तो बुडबुड्यांतून हवेत निघून जातो.

दुसरी युक्ती फेसाची. समुद्रावर वारा सुटला की किनाऱ्याला फेस येतो, तो तुम्ही चित्रांत तरी पाहिला असेल. प्रथिनांसारखे पदार्थ बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला चिकटतात. म्हणून एका उभ्या नळीत खाऱ्या पाण्यातून अतिशय बारीक बुडबुडे सोडतात. वर चढणारा तपकिरी फेस एका पेल्यात साठतो आणि तो फेकून देतात. घाण कुजून तिचा अमोनिया होण्याआधीच ती बाहेर पडते. गोड्या पाण्यात असे बारीक बुडबुडे टिकत नाहीत. म्हणून ही युक्ती तेथे नीट चालत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार प्रवाळांना वाघाप्रमाणेच पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. सहलीला गेल्यावर त्याचा तुकडाही उचलून आणू नये.

पाणी वाहते का हवे?

उन्हाळ्यात घामेजून आल्यावर आपण पंख्याखाली बसतो. पंखा अंगाजवळची दमट हवा हटवतो आणि घाम वाळतो. प्रवाळाचेही तसेच आहे. त्याच्या अंगालगत स्थिर पाण्याचा एक पातळ थर असतो. प्राणवायू आत येतो तो या थरातून आणि टाकाऊ पदार्थ बाहेर जातात तेही यातूनच. मासा निदान जागा बदलू शकतो. प्रवाळ जागचा हलत नाही. म्हणून पाण्याने त्याच्याकडे यावे लागते. अशा १०० लिटरच्या पेटीत पंपाने तासाला हजार-दोन हजार लिटर पाणी फिरवतात, म्हणजे सगळे पाणी तासात दहा-वीस वेळा फिरते. प्रवाहाची दिशाही लाटेसारखी बदलती ठेवतात.

प्रवाहाचे दुसरे काम प्राणवायू पुरवण्याचे. २७ अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, खाऱ्या पाण्यात जेमतेम साडेसहा. पाणी तापले की दोन्हीकडे तो आणखी कमी होतो. वीज गेली, पंप थांबला, की बंद गाळणीतले असंख्य जीवाणू आतला प्राणवायू काही तासांत संपवतात आणि मरू लागतात. वीज आल्यावर ते सडके पाणी पेटीत शिरते. म्हणून वीज बराच वेळ गेली असेल तर गाळणी उघडून आतले पाणी आधी ओतून द्यावे. तोवर मगाने पेटीतलेच पाणी वरून धार धरून ओतत राहावे. ही धार म्हणजे आपला हातपंपच!

करून पाहा

यासाठी मासे लागत नाहीत. तीन सारख्या बरण्यांत एक दिवस उघडे ठेवलेले पाणी भरा. पहिलीत काही घालू नका. दुसरीत जुन्या, चालू पेटीतल्या स्पंजाचा तुकडा घाला. तिसरीत तसाच तुकडा उकळून, थंड करून घाला. तिन्हींत चिमूटभर मत्स्यखाद्य टाका आणि हवेचे बुडबुडे सोडा. दर दोन दिवसांनी अमोनिया तपासण्याच्या संचाने मापन करून आलेख काढा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बरणीत स्पंज सारखाच आहे. तरी त्यांचे आलेख वेगळे आले तर त्यावरून काय सिद्ध होते, ते वहीत लिहा.

मामा तलावाकडे पुन्हा पाहा. तळाचा चिखल, दगड, पाणवनस्पतींचे देठ ही त्याची गाळणी आणि वारा हा त्याचा पंप. काचपेटी मांडताना हेच सारे आपल्याला करायचे असते. तेव्हा पेटी आणण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: मासे न सोडता सहा आठवडे थांबायची आपली तयारी आहे का?