बंगाली छडा आणि इंग्रजीचा पहिला धडा

(तृतीय वर्ष, कला)

आपल्याकडे चोरीचा छडा लावतात. बंगालीत मात्र छडा म्हणतात तो लहान मुलांना खेळवताना किंवा निजवताना. तालावर म्हणावयाचे हे छोटे पद्य कोणी रचले हे सहसा कोणालाच ठाऊक नसते, आणि पाठ मात्र सर्वांना असते. या छड्याच्या आधाराने पाच-सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग मी जवळून पाहिला व त्यात थोडा हातभारही लावला. त्याची हकीकत आणि त्यामागील विचार येथे मांडत आहे.

माझे वडील रेल्वेत आहेत. बारावीनंतर आजारपणामुळे माझे एक वर्ष वाया गेले. ते वर्ष मी पश्चिम बंगालमधील खरगपूर येथे आईवडिलांजवळ काढले. आमच्या शेजारी एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका राहत. त्यांना सारी आळी 'दिदिमणी' म्हणे. बंगाली माध्यमाच्या शाळेत पहिलीत जाणारी आसपासची अकरा मुले संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर मादुर (मेदिनीपूरकडची प्रसिद्ध चटई) टाकून बसत. मला बंगाली जेमतेम येत होते, इंग्रजी बरे येत होते. दिदिमणी म्हणाल्या, "तू त्यांना इंग्रजी दे, ती तुला बंगाली देतील." असा तो सौदा ठरला.

दिदिमणींच्या नोकरीचा काळ मोठा चमत्कारिक होता. १९८० च्या दशकात पश्चिम बंगालमधील सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढून टाकण्यात आले. पुढे पालकांचा असंतोष वाढला आणि ते टप्प्याटप्प्याने परत आले. २००४ पासून थेट पहिलीपासून सुरू झाले. (आपल्या महाराष्ट्रात हा निर्णय २००० साली झाला.) त्यामुळे काल जी भाषा शिकवू नका म्हणून सांगितले, तीच आज पहिलीपासून शिकवा, असा हुकूम त्यांच्या हाती आला. शिकवावी कशी, हे मात्र त्यांचे त्यांनाच शोधावे लागले. त्यांनी ते आपल्या आजीच्या छड्यांत शोधले.

माझी सुरुवात चुकीनेच झाली. मला वाटले, छड्याचे इंग्रजी भाषांतर करावे की काम झाले. चांदोबा बंगाल्यांचाही मामाच. त्याला बोलावून बाळाच्या कपाळी टीप लावायला सांगणारा छडा तेथे घरोघर म्हणतात. मी रात्री जागून त्याचे इंग्रजी केले आणि दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवले. मुलांनी ते सरकारी दवंडी ऐकावी तसे ऐकले. एकाने विचारले, "दीदी, हा 'अंकल' कोण?" त्याच्या दृष्टीने 'अंकल' म्हणजे वडिलांच्या कचेरीतून फाईल घेऊन येणारा पाहुणा. मामाचे लाड त्या शब्दात नव्हते. दिदिमणी हसून म्हणाल्या, "मामाला मामाच राहू दे. त्याच्याकडून फक्त काम करून घे."

हे काम कोणते, ते आता सांगते.

पहिले काम तालाचे. छड्याच्या छंदाला बंगालीत 'दलवृत्त' किंवा 'स्वरवृत्त' म्हणतात. दल म्हणजे उच्चाराचा एक तुकडा. चार दलांचा एक गट, गटाच्या पहिल्या दलावर ठसठशीत आघात, आणि ओळीत साधारण असे चार गट. शेवटचा गट बहुधा अपुरा असतो व तेथे श्वास घ्यायला जागा मिळते. म्हणजेच प्रत्येक ओळीला चार टाळ्या. गटात एखादे दल कमी पडले तर मूल आधीचे दल ओढून धरते आणि टाळी मात्र वेळेवरच पडते. हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

गंमत अशी की इंग्रजी बालगीतांतही हाच चार टाळ्यांचा हिशेब आढळतो. रॉबिन्स बर्लिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली इंग्रजी, चिनी व सुमात्रा बेटावरील एका भाषेतील बालगीतांची तुलना केली, तेव्हा चार ठोक्यांची ओळ व चार ओळींचे कडवे हा घाट त्याला तिन्हींत दिसला. बंगाली त्यात नव्हती. पण ओसरीवर बसून टाळ्या वाजवल्या तर पडताळा आपोआप येतो.

एवढ्याने काय साधले? इंग्रजी बोलण्याची खरी अडचण शब्दांत कमी आणि चालीत जास्त आहे. आपल्या भाषांत दर उच्चाराला जवळजवळ सारखा वेळ मिळतो. इंग्रजीत महत्त्वाच्या शब्दांवर ठोका पडतो आणि मधले बारके शब्द गर्दीतल्या माणसांसारखे अंग चोरून उभे राहतात. 'कॅट्स ईट फिश' या वाक्यात तीन ठोके आहेत. 'द कॅट्स विल ईट द फिश' यातही तीनच. आम्ही दोन्ही वाक्ये तीन टाळ्यांत म्हणून घेत असू. मुलांना हे समजावून सांगावे लागले नाही. छड्यात एक दल ओढून टाळी गाठणाऱ्यांना चार दले दाबून टाळी गाठणे अवघड वाटले नाही. न्यू यॉर्कच्या कॅरोलिन ग्रॅहम यांनी १९७८ साली 'जॅझ चँट्स' या पुस्तकातून जॅझच्या ठेक्यावर बोली इंग्रजी शिकवण्याची पद्धत मांडली होती. आमच्या ओसरीवर जॅझच्या जागी आजी होती, एवढाच फरक.

दुसरे काम वाक्यरचनेचे. आपण पावसाला पैसा देऊ करून बोलावतो. बंगाली मूल त्याला धान्य मोजून देण्याचे आमिष दाखवते. चांदोमामालाही असेच देणे असते: मासा चिरला की डोके, काळ्या गाईचे दूध, दूध प्यायला वाटी. म्हणजे या छड्यांत 'ये' आणि 'तुला अमुक देईन' ही दोन वाक्ये पुनःपुन्हा येतात. आधी सर्वांनी मूळ छडा बंगालीत म्हणावयाचा. मग तोच ठेका चालू ठेवून एकेकाने 'कम्, मून' म्हणत 'आय विल गिव्ह यू मिल्क', 'आय विल गिव्ह यू फिश' अशी आपल्या मनची भेट द्यावयाची. एका मुलाने चंद्राला रेल्वेचे तिकीट देऊ केले. ते वाक्य पुस्तकातले नव्हते, त्याचे स्वतःचे होते. भाषा आली असे म्हणायचे ते येथे, असे मला वाटते.

तिसरे काम खेळाचे. जमिनीवर पंजे पसरून, किंवा गुडघे टेकवून गोल बसून, एकेक पंजा वा गुडघा मोजत जाण्याचे छडे आहेत. ज्याच्यावर शेवटचा शब्द येईल तो बाद. मोजणी इंग्रजीत केली की अंक, हात, बोट, गुडघा हे शब्द अंगाला हात लावूनच शिकले जातात. ही कल्पनाही नवी नाही. शांतिनिकेतनच्या मुलांसाठी रवींद्रनाथांनी १९०९ साली 'इंग्रेजी श्रुतिशिक्षा' हे पुस्तक केले. अक्षरांआधी कान, हे त्याच्या नावातच आहे. याच रवींद्रनाथांनी १८९४ साली छड्यांवर निबंध लिहिला आणि छड्यांची तुलना आकाशातील ढगांशी केली. त्यांचे हे दोन उद्योग दिदिमणींनी ओसरीवर एकत्र आणले असे म्हणता येईल.

चौथे काम उच्चारांचे. बंगालीत आपला 'व' नाही; आपला विवेक तेथे बिबेक होतो. त्यामुळे इंग्रजी 'गिव्ह'चे 'गिभ' होते. मी मोठ्या तोऱ्यात सुधारणा करायला गेले, तर दिदिमणींनी मला 'वेस्ट' शब्दाचे दोन अर्थ दोन उच्चारांनी सांगायला लावले: एक बनियनचा आणि एक पश्चिमेचा. माझे दोन्ही उच्चार एकच निघाले! त्या दिवसापासून खालचा ओठ दातांखाली धरण्याचा सराव बारा जणांनी केला. 'स'ची गोष्ट वेगळी. प्रमाण बंगालीत स, श, ष या तिन्हींचा उच्चार बहुधा 'श' होतो; पण 'रास्ता' म्हणताना तोंडातून शुद्ध 'स'च निघतो. म्हणून 'रास्ता' म्हणायचे, 'रा' गिळायचा, उरलेल्या 'स्ता'वरून 'स्टार' आणि 'स्टॉप'वर जायचे. 'इस्टार' म्हणण्याची सवयही त्यातच सुटली. मुलाच्या भाषेत जे आहे तेथूनच नसलेल्याकडे जावे, हे तत्त्व मला या एका शब्दाने जेवढे पटले तेवढे शिक्षणशास्त्राच्या व्याख्यानांनीही पटले नव्हते.

छड्याची चाल एके ठिकाणी मात्र आड येते. तिचा आघात नेहमी आरंभी असतो. इंग्रजी शब्दाचा तसा नसतो. 'बनाना', 'पोटॅटो', 'टोमॅटो' या शब्दांत जोर दुसऱ्या अवयवावर. मुले 'ब'वर टाळी वाजवीत आणि शब्द लंगडा होई. आपल्या गाण्यात कधी कधी समेच्या आधीच शब्द उचलतात, तसे येथे करायला हवे होते.

अकरांपैकी एक मुलगी होती सहा वर्षांची. ती बंगालीत अखंड बडबडे आणि इंग्रजीचे नाव काढताच मिटून जाई. शाळेत एकदा चुकीचे बोलल्यावर सारा वर्ग हसला होता, असे तिच्या आईने सांगितले. तीन महिने ती माझ्या वर्गात एक इंग्रजी शब्द बोलली नाही. फक्त टाळ्या वाजवी. दिदिमणींची सक्त ताकीद होती की तिला विचारायचे नाही. एके दिवशी सारी मुले 'बनाना'च्या 'ब'वर टाळ्या देत असताना तिची टाळी एकटीच उशिरा पडू लागली. मला वाटले, ती चुकते आहे. मग लक्षात आले की ती बरोबर आहे आणि आम्ही चुकतो आहोत. टाळी 'ना'वर पडत होती. मी थांबले. सगळे तिच्याकडे पाहू लागले. तिने पुन्हा टाळी दिली आणि या वेळी शब्दही उच्चारला, अगदी हळू, पण ठोका अचूक. त्यानंतर तो शब्द तिने सर्वांना शिकवला. मी नाही.

आता एक अवघड गोष्ट. बंगालमधील एका अंगाईत बाळ झोपते, आळी शांत होते आणि देशात बर्गी येतात. बुलबुलांनी धान खाल्ले, आता सारा कशाने भरू, अशी तिच्यात काळजी आहे. हे बर्गी म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावर स्वार होणारे शिपाई. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजांनी १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर स्वाऱ्या केल्या. शाळेत आपण हा इतिहास चौथाई आणि पराक्रमाच्या बाजूने शिकतो. दिदिमणींनी ती अंगाई भूतकाळ शिकवण्यासाठी घेतली: 'स्लेप्ट', 'केम', 'एट'. एका मुलाने निरागसपणे विचारले, "दीदी, तुमचे घर कुठे?" मी सांगितले. क्षणभर शांतता. मग तो आनंदाने ओरडला, "दीदी बर्गी!" मुले हसली, मीही हसले, पण त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. पावणेतीनशे वर्षांपूर्वीचे भय एका अंगाईने जपून ठेवले होते. नुसत्या इंग्रजी पाठ्यपुस्तकातून शिकले असते तर ना त्या मुलांना मी कळले असते, ना मला ती.

या पद्धतीवर दोन आक्षेप घेता येतील. एक, गाण्याचे असे तुकडे केल्याने गाणेच मरेल. ही भीती मलाही होती. म्हणून आमचा नियम होता की प्रत्येक तासाचा शेवट मूळ छडा अखंड, बंगालीत म्हणूनच व्हायचा. दुसरा आक्षेप असा की ठेक्यावर पाठ केलेले अर्थावाचून राहील. तेही खरे आहे. छड्यांत निरर्थक शब्दांची रेलचेल असते, म्हणून न कळणारा शब्द उच्चारायला मूल भीत नाही. पण इंग्रजीही तशीच निरर्थक राहिली तर सारे व्यर्थ. ज्या मुलांच्या घरी पावसावर शेती चालते त्यांनी पावसाला परत जायला सांगणारे इंग्रजी गाणे हावभावांसह म्हणावे, हा प्रकार आपणही पाहतोच. कसोटी एकच: त्याच ठेक्यावर मूल स्वतःचे नवे वाक्य बोलते का? रेल्वेचे तिकीट देते का?

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या बालवाड्या चालवताना त्यांचीच गाणी, त्यांच्याच परिसरातील वस्तू हाताशी घेतल्या होत्या. इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण घरातले गाणे शाळेच्या दाराबाहेर ठेवतो.

पुढील हिवाळ्यात आपल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर होईल. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या मुलांबरोबर रोज अर्धा तास मिळावा, अशी विनंती मी प्राध्यापकांना केली आहे. भोंडल्याच्या गाण्यांत वाक्ये पुनःपुन्हा येतात, ठेका पक्का असतो आणि फेर धरलेला असल्याने कोणी मागच्या बाकावर बसत नाही. ज्यांना आजीकडून अशी गाणी मिळतील त्यांनी ती लिहून आणावीत. टाळ्या कोठे पडतात तेवढे खाली खूण करून आणले, तर अर्धे काम झालेलेच असेल.