सोसले-म्हैसूरच्या यात्रेत स्वस्त मुक्काम कसा निवडावा?

सोसले (जि. म्हैसूर) : कावेरीच्या काठचे सोसले हे गाव म्हैसूर शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर, टी. नरसीपूर या तालुक्याच्या ठिकाणाजवळ आहे. विजयनगरचे सम्राट कृष्णदेवराय ज्यांना गुरुस्थानी मानत, त्या व्यासराजांच्या परंपरेतील मठामुळे हे गाव माध्व संप्रदायात प्रसिद्ध आहे. व्यासराजांचे जन्मगाव मानले जाणारे बन्नूर याच परिसरात आहे. कर्नाटक संगीताचे पितामह पुरंदरदास हे त्यांचे शिष्य. पुरंदरदासांच्या नावाचा संबंध काही अभ्यासक पुण्याजवळच्या पुरंदरशी जोडतात. त्यामुळे मराठी यात्रेकरूंनाही या परिसराविषयी आपुलकी वाटते.

सोसलेला येणारी मराठी कुटुंबे बहुधा म्हैसूरचा राजवाडा, चामुंडी टेकडी, सोमनाथपूर आणि तलकाड ही स्थळेही एकाच प्रवासात पाहतात. तीन-चार दिवसांच्या अशा यात्रेत रेल्वेच्या तिकिटाखालोखाल मोठा खर्च असतो तो मुक्कामाचा. बरोबर वृद्ध आई-वडील असतील, तर हा प्रश्न केवळ पैशांचा राहत नाही. चुकीच्या ठिकाणी घेतलेली स्वस्त खोली संपूर्ण यात्रेची दमछाक करू शकते. म्हणूनच खोली निवडताना कोणत्या बाबी पाहाव्यात, हे आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

आधी हेतू, मग खोली

मुक्काम कोठे करावा, याचे उत्तर प्रवासाच्या हेतूवर अवलंबून आहे. टी. नरसीपूर येथे कावेरी आणि कपिला (काबिनी) या नद्यांचा संगम होतो. स्फटिक सरोवर ही तिसरी, अदृश्य धारा येथे मिळते, अशी श्रद्धा आहे. पहाटेचे संगमस्नान, गुंजा नरसिंहाचे दर्शन आणि सोसले येथील मठाची भेट हाच मुख्य हेतू असेल, तर किमान एक रात्र टी. नरसीपूरमध्ये काढणे सोयीचे. तेथील मुक्कामाच्या सोयी लहान गावाला साजेशा, साध्या आहेत, हे मात्र लक्षात ठेवावे.

राजवाडा, प्राणिसंग्रहालय, चामुंडी टेकडी आणि बाजारपेठ पाहावयाची असेल, तर म्हैसूर शहरात राहून एक दिवस सोसले व सोमनाथपूरसाठी राखून ठेवणे अधिक योग्य. सोमनाथपूरचे 1258 मधील केशव मंदिर 2023 मध्ये, बेलूर आणि हळेबीड येथील होयसळ मंदिरांसमवेत, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. तेव्हापासून या मार्गाकडे पर्यटकांचे लक्ष अधिक वेधले गेले आहे.

म्हैसूरमध्ये रेल्वे स्थानक, बाहेरगावच्या बसगाड्यांचे स्थानक आणि राजवाडा ही तिन्ही ठिकाणे परस्परांपासून फार दूर नाहीत. गांधी चौक, धन्वंतरी रस्ता आणि सय्याजीराव रस्ता या मध्यवर्ती भागात मध्यम व कमी दराची अनेक लॉज आहेत. टी. नरसीपूरकडे जाणारी बस पकडण्यासाठीही हा भाग सोयीचा आहे.

भाड्याचा खरा हिशोब

खोलीचा दर हा मुक्कामाचा संपूर्ण खर्च नव्हे. उदाहरणादाखल तिघांच्या एका कुटुंबाचा तीन रात्रींचा हिशोब पाहू. बाह्यवळण रस्त्यावरील खोली दररोज 900 रुपयांना मिळते आणि बसस्थानकाजवळची 1,400 रुपयांना, असे समजू. पहिल्या खोलीचे तीन दिवसांचे भाडे 2,700 रुपये आणि पाच टक्के कर 135 रुपये होतो. शहरात येण्या-जाण्याच्या रिक्षाला दिवसाला 500 रुपये धरले, तर त्यात 1,500 रुपयांची भर पडते. एकूण खर्च 4,335 रुपये. दुसऱ्या खोलीचे भाडे करासह 4,410 रुपये होते, परंतु तेथून बहुतेक ठिकाणी पायी किंवा शहर बसने जाता येते.

दिवसाला 500 रुपयांनी स्वस्त दिसणारी खोली प्रत्यक्षात तीन दिवसांत अवघे 75 रुपये वाचवते. शिवाय दुपारी विश्रांतीसाठी खोलीवर परतण्याची सोय जाते ती वेगळीच. ज्येष्ठ नागरिकांसाठी ही सोय मोलाची असते.

बसप्रवासाचा हिशोब करताना आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. कर्नाटकात जून 2023 पासून महिलांना राज्य परिवहनाच्या साध्या बसगाड्यांतून मोफत प्रवासाची ‘शक्ती’ योजना सुरू झाली. ती कर्नाटकातील रहिवासी महिलांसाठी असल्याने महाराष्ट्रातून येणाऱ्या महिलांनी तिकिटाचे पैसे गृहीत धरावेत.

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे 760 मीटर उंचीवर आहे. मार्च ते मे हे महिने वगळता येथील रात्री सुखद असतात. त्यामुळे वातानुकूलित खोलीचा आग्रह न धरल्यास चांगली बचत होऊ शकते. मात्र, साधी खोली घेताना खिडकी बाहेरच्या बाजूला उघडते काय, हे अवश्य पाहावे.

पाटीचा अर्थ

महाराष्ट्राप्रमाणेच येथेही ‘हॉटेल’ या पाटीखाली अनेकदा केवळ उपाहारगृह असते. राहण्याच्या सोयीसाठी ‘लॉज’ किंवा ‘बोर्डिंग अँड लॉजिंग’ हे शब्द पाहावेत. कन्नड पाटीवर ‘वसतिगृह’ असे लिहिलेले असेल, तर ते विद्यार्थ्यांचेच असेल असे नाही. ‘छत्र’ म्हणजे पूर्वीची यात्रेकरूंची धर्मशाळा, परंतु आज या नावाची अनेक स्थळे मंगल कार्यालये किंवा प्रदर्शनाची ठिकाणे झाली आहेत. म्हैसूरचे नंजराज बहादूर छत्र हे त्याचे ठळक उदाहरण.

खासगी लॉजखेरीज अन्य पर्यायही आहेत. कर्नाटक राज्य पर्यटन विकास महामंडळाची ‘मयूर’ नावाची हॉटेले राज्यभर असून म्हैसूरमध्ये ‘मयूर होयसळ’ आहे. रेल्वे स्थानकावरील विश्रामकक्ष वैध तिकीट असलेल्या प्रवाशांना आरक्षित करता येतात. पहाटे उतरून रात्रीच्या गाडीने परतणाऱ्यांसाठी हा पर्याय किफायतशीर ठरतो.

चोवीस तास की दुपारचे बारा?

खोली घेण्यापूर्वी विचारण्याचा पहिला प्रश्न हा असावा. दक्षिणेतील अनेक लॉजमध्ये चोवीस तासांची पद्धत असते. सकाळी सहाला खोली घेतली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत ती आपली. काही ठिकाणी मात्र दुपारी बाराला दिवस संपतो. सकाळी सहाला आलेल्या पाहुण्याला अशा ठिकाणी सहा तासांसाठीही पूर्ण दिवसाचे भाडे पडू शकते. पंढरपूर व सोलापूरहून गोलगुंबज एक्सप्रेसने येणाऱ्या प्रवाशांनी गाडीची वेळ पाहून त्यानुसार पद्धत निवडावी.

त्यानंतर गरम पाणी किती ते किती वाजेपर्यंत मिळते, लिफ्ट आहे काय, तिसऱ्या व्यक्तीसाठी जादा गादीचे किती पैसे, हे विचारावे. पैसे भरण्यापूर्वी खोली प्रत्यक्ष पाहावी. नळ सोडून पाहावा, कडी-कोयंडा आतून नीट लागतो की नाही हे तपासावे आणि चादर बदलून मागण्यास संकोच करू नये.

कर, बिल आणि ओळखपत्र

22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंत भाडे असलेल्या खोल्यांवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. त्यापूर्वीचा दर आकारला जात असेल, तर तो मान्य करण्याचे कारण नाही. ज्या लहान लॉजची कर नोंदणी नाही, त्यांना स्वतः हा कर वसूल करता येत नाही. अशाच लॉजचे आरक्षण ऑनलाइन मंचावरून केल्यास मात्र कर लागू होतो. म्हणून दर विचारताना ‘करासह एकूण किती?’ असेच विचारावे आणि छापील बिल घ्यावे.

प्रत्येक प्रौढ व्यक्तीकडे छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र असणे आवश्यक आहे. आधारची प्रत द्यावयाची असल्यास पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ वापरता येते.

बनावट आरक्षणापासून सावधान

स्वस्त मुक्कामाच्या शोधात असलेल्या यात्रेकरूंना फसवण्याचे प्रकार देशभर वाढले आहेत. अतिथिगृहे आणि यात्री निवास यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडून आगाऊ रक्कम उकळली जाते. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने एप्रिल 2025 मध्ये याबाबत यात्रेकरूंना जाहीर इशारा दिला होता.

शोधयंत्रावर प्रथम दिसणारा दूरध्वनी क्रमांक खरा असेलच असे नाही. संपूर्ण रक्कम एखाद्या व्यक्तीच्या वैयक्तिक खात्यावर तातडीने पाठवण्याचा आग्रह होत असेल, तर तेथेच थांबावे. फसवणूक झाल्यास विलंब न लावता 1930 या राष्ट्रीय मदतवाहिनीवर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

मठ म्हणजे लॉज नव्हे

सोसले येथे मठातच राहता येईल असे गृहीत धरून सामानासह पोहोचणे टाळावे. कोणत्याही मठातील मुक्काम हा सोयीचा नसून शिस्तीचा विषय असतो. पूजेच्या व भोजनाच्या वेळा, वेशभूषा आणि आचार यांचे नियम पाळावे लागतात. उत्सवाच्या काळात जागाही अपुरी पडते. त्यामुळे आधी संपर्क साधून परवानगी मिळाली तरच तसा बेत करावा आणि यथाशक्ती सेवा अर्पण करावी.

गर्दीचे दिवस

दसऱ्याचे दहा दिवस म्हैसूरमध्ये खोल्यांचे दर मोठ्या प्रमाणावर वाढतात. विजयादशमीची मिरवणूक राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत जाते आणि मध्यवर्ती भागातील वाहतूक वळवली जाते. टी. नरसीपूर येथे 1989 पासून, साधारणतः दर तीन वर्षांनी, कुंभमेळा भरतो. फेब्रुवारी 2025 मध्येही तो भरला होता. या दिवसांत आरक्षणाविना येणे धोक्याचे. आरक्षण करतानाही ते रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे.

राजवाड्याची रोषणाई पाहण्यासाठी दसराच गाठला पाहिजे असे नाही. सुमारे एक लाख दिव्यांची ही रोषणाई रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी सायंकाळीही पाहता येते. एरवीच्या काळात एखादा रविवार साधून आलेल्या कुटुंबाला तो सोहळा विनासायास पाहावयास मिळतो आणि खोलीही वाजवी दरात मिळते.

मुक्कामासाठी वाचवलेले पैसे सार्थकी लागतात ते दुसऱ्या दिवशी ताज्या मनाने संगमावर पोहोचता आले तरच. खोलीचा दर विचारण्याआधी सकाळी कोठे जावयाचे आहे, हे ठरवावे. पुढची निवड त्यामुळे बरीच सोपी होते.