खोलीला गडद लाल रंग देताना

दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या तेल्हाऱ्यात घरोघरी रंगरंगोटी सुरू होते. पूर्वी भिंतींना चुना आणि खाली गेरूचा पट्टा एवढ्यावर काम भागत असे. आता एक तरी भिंत गडद लाल हवी, अशी तरुण मंडळींची हौस असते. हौसेला माझी ना नाही. मात्र याबाबत दवाखान्यात जे विचारले जाते, त्याचा येथे खुलासा करतो.

‘लाल खोलीत झोपल्याने ब्लडप्रेशर वाढते का?’ भिंतीच्या रंगाने हा विकार जडतो, असे म्हणण्यास पुरेसा आधार नाही. रुग्णाने भिंतीपेक्षा ताटातल्या मिठाकडे आणि रोजच्या गोळीकडे लक्ष द्यावे. गडद रंग उजेड शोषतो, एवढे मात्र खरे. म्हणून मुलांच्या अभ्यासाच्या किंवा म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत एकच भिंत लाल करावी व दिवा चांगला ठेवावा.

खरी काळजी आहे ती शिशाची. गेरूचा लाल रंग लोखंडाचा असतो. अस्सल शेंदूर मात्र शिशाचे संयुग आहे. तेलरंगात लाल, नारिंगी, पिवळ्या छटा भडक करण्यासाठी शिशाची संयुगे वर्षानुवर्षे वापरली गेली. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे चालत नाही. हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. पण त्याआधीचा रंग जुन्या दारांवर, खिडक्यांच्या गजांवर असू शकतो. तो कोरडा घासला की विषारी धूळ घरभर होते.

रांगणारे मूल हात तोंडात घालते, भिंतीचे पोपडे खाते. मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा जास्त शिसे शोषते. रक्त कमी होणे, पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड, अभ्यासात मागे पडणे, ही लक्षणे हळूहळू दिसतात. बरेचदा दिसतही नाहीत. मेंदूची झालेली हानी सहसा भरून येत नाही. माती किंवा पोपडे खाणारे मूल नुसते रागावून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा. त्याला लोहाची कमतरता असू शकते, आणि लोह कमी असले की शिसे अधिक शोषले जाते. शिशाचे प्रमाण रक्ततपासणीत कळते.

काळजी अशी घ्यावी : डब्यावरील शिशाच्या प्रमाणाचा मजकूर वाचूनच रंग घ्यावा. भिंतींना पाण्यात मिसळणारा रंग बरा. जुना रंग पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने घासावा. जाळून काढू नये. त्या वेळी गरोदर स्त्रिया व मुलांना दुसरीकडे ठेवावे. नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. रंग वाळेपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दमेकऱ्याने त्या खोलीत झोपू नये. रंगारी बंधूंनी साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये, भाकरीलाही हात लावू नये.

शेवटचे आणि महत्त्वाचे. टर्पेंटाइन किंवा रॉकेल पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मुलाने ते चुकून प्यायले तर उलटी करवू नका. ते फुप्फुसात जाऊन जिवावर बेतते. मीठ-पाणी, दूध पाजत वेळ न घालवता मुलाला तडक रुग्णालयात न्या, आणि सोबत ती बाटलीही घ्या.