शिवराईची परीक्षा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाण्यांची पारख करणाऱ्या अधिकाऱ्यास 'रूपदर्शक' अशी संज्ञा आहे. चलनांतील नाणें खरें कीं खोटें, हें पाहणें त्याचें काम. इतिहासाच्या अभ्यासकास याखेरीज आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो: नाणें खरें असलें तरी तें कोणत्या काळचें? शिवराईच्या बाबतींत हा दुसरा प्रश्नच अधिक बिकट असून त्याकडेच बहुधा दुर्लक्ष होतें. म्हणून त्याचें थोडें विवेचन येथें करीत आहों.

शिवराई म्हणजे तांब्याचा पैसा. एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र पति' आणि भोंवतीं बिंदूंची माळ, असें तिचें सामान्य रूप. हीं अक्षरें वाचतांच नाणें खुद्द शिवछत्रपतींच्या कारकीर्दींतील, असा समज होतो. महाराजांचा राज्याभिषेक इ. स. १६७४ मध्यें झाला व १६८० मध्यें त्यांचें निधन झालें. परंतु त्यांच्या नांवाचा पैसा पुढें पेशवाईंतही पडत राहिला. पेशवाईंत टांकसाळी चालविण्याचे परवाने खासगी व्यक्तींस दिले जात, हें न्यायमूर्ति रानडे यांच्या मराठी अंमलांतील नाणीं व टांकसाळी यांवरील निबंधावरून कळतें. इंग्रजी अंमल बसल्यावरही शिवराई बाजारांत चालतच होती. सारांश, नाण्यावरील नांव हा त्याच्या काळाचा पुरावा नव्हे.

काळ ठरवावयाचा तो वजन, अक्षरवळण व मांडणी या तिहींवरून. जुन्या धाटणीच्या शिवराया बहुधा तोळ्याच्या आसपास, म्हणजे ११ ते १३ ग्रॅम भरतात. उत्तरकालीन पुष्कळ हलक्या आहेत. 'शिव'चें 'सिव' झालेलें आढळतें. दोन ओळींच्या मध्यें दुहेरी रेघ असलेली 'दुदांडी' शिवराई उत्तरकालीन होय. झिजेनें वजन घटतें, यास्तव एकट्या वजनावर निर्णय देऊं नये.

आतां खोट्या नाण्यांविषयीं. खरी शिवराई ठशाखालीं घणाच्या घावानें पडलेली असते. ठसा चकतीहून मोठा असल्यानें कडेचीं अक्षरें कापलीं जात. हा दोष नव्हे. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रें, बोथट अक्षरें व कडेस कानशीनें घासलेली सांध दिसते. दोन नाण्यांत अक्षरें नेमकीं एकाच जागीं कापलेलीं व चीरही तीच असेल, तर तीं एकाच सांच्यांतून निघालीं असें समजावें. सोन्याचा होन दुर्मिळ, म्हणून त्याच्या नकला अधिक. त्यास कसोटीवर घासूं नये. हवेंत व पाण्यांत तोलावें. शुद्ध सोन्याचें विशिष्ट गुरुत्व १९.३, तांब्याचें ८.९, मुलामा तात्काळ उघडा पडतो. परंतु खऱ्या सोन्याची नक्कल या परीक्षेस उतरेल. तेथें अक्षरवळणच पाहिलें पाहिजे.

चिंच, लिंबू वा राख लावून नाणें घासणें हा त्याचा घातच होय. तांब्यावरील घट्ट तपकिरी वा हिरवा थर अक्षरांचें रक्षण करतो. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटूं लागली, तर ती दमट हवेंत वाढणारी कीड समजून नाणें वेगळें व कोरड्या जागीं ठेवावें आणि जाणकारास दाखवावें.

बाजारांतील किंमत दुर्मिळता व स्थिति यांवर ठरते. इतिहासाच्या दृष्टीनें मोल ठरतें तें नाणें कोठें व कशासह सांपडलें यावरून. शिवराईहून फार प्राचीन असें उदाहरण घेऊं. १९०६ सालीं नाशिकजवळ जोगळटेंभी येथें नहपानाचीं १३,००० हून अधिक रुप्याचीं नाणीं सांपडलीं. त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें पुन्हा आपला ठसा मारलेला आहे. सातवाहनांच्या विजयाची ही साक्ष निधि एकत्र राहिल्यामुळेंच मिळाली. तो सोनारांच्या मुशींत वांटला गेला असता, तर ती कायमची बुडाली असती.

म्हणून वाचकांस विनंति अशी कीं, नाणें हातीं येतांच स्थळ, तारीख, वजन व सोबतच्या वस्तु टिपून ठेवाव्या, आणि दोन्ही बाजूंचे ठसे कागदावर घ्यावे. जमिनींत ठेवा सांपडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणें जिल्हाधिकाऱ्यास वर्दी द्यावी. शिवराई पेशवाईंतील ठरली म्हणून तिचें मोल कमी होत नाहीं; महाराजांच्या पश्चात् त्यांच्या नांवावर लोकांचा विश्वास किती काळ टिकला, हें तीच सांगते.