टॅटूची जखम भरताना

जत्रेत काजळीत बुडवलेल्या सुयांनी हातावर गोंदून घेतलेली तुळस आणि आज शहरातल्या स्टुडिओत विजेच्या यंत्राने काढलेला टॅटू यांत साधनांचा, रंगांचा आणि दराचा कितीही फरक असला, तरी त्वचेच्या लेखी दोन्ही जखमाच असतात. पहिल्यांदा टॅटू काढणाऱ्याचे बहुतेक प्रश्न नक्षी आणि वेदना यांविषयीचे असतात. वास्तविक वेदना काही तासांत ओसरतात आणि खरी कसोटी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत लागते.

त्वचेच्या वरच्या थराच्या, म्हणजे बाह्यत्वचेच्या, पेशी सतत झडत असल्याने तेथे रंग टिकत नाही. म्हणून सुई त्याखालच्या अंतस्त्वचेपर्यंत, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल न्यावी लागते. तेथे पोहोचलेले रंगकण शरीराला परके वाटतात आणि बाहेरच्या वस्तू गिळून टाकणे हेच ज्यांचे काम, त्या भक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात; परंतु पुष्कळसे कण त्यांना पचत नाहीत आणि ते पेशींच्या पोटातच अडकून राहतात. फ्रान्समधील संशोधकांनी 2018 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले, की अशी पेशी मेल्यावर मोकळे झालेले कण नवी पेशी पुन्हा गिळते. टॅटूचा टिकाऊपणा म्हणजे, थोडक्यात, शरीराच्या फसलेल्या साफसफाईचे फळ होय.

पहिले दोन-तीन दिवस जागा लाल, सुजलेली आणि ऊन लागल्यासारखी हुळहुळी असते व तिच्यातून रंगमिश्रित लस येते. नंतर पातळ खपल्या धरतात, पोपडे सुटतात आणि जबर खाज सुटते. याच टप्प्यात रंग फिकट दिसू लागल्याने अनेकजण धास्तावतात, पण तो नव्या त्वचेच्या धूसर पडद्याचा परिणाम असतो. खाजवून खपली ओढली, तर मात्र तिच्याबरोबर रंगही निघू शकतो.

काळजीची रीत साधी आहे: हात स्वच्छ करून कोमट पाणी आणि सुगंधरहित सौम्य साबणाने जागा धुवावी, चोळण्याऐवजी टिपून कोरडी करावी आणि मलमाचा अगदी पातळ थर लावावा, कारण जाड थराखाली जखम ओलसर राहून चिघळते. घरच्या डब्यातली हळद किंवा तूप लावण्याचा आग्रह मायेपोटी होत असला, तरी निर्जंतुक नसलेली कोणतीही वस्तू उघड्या जखमेवर नकोच. आंघोळीला हरकत नसते. तलाव, समुद्र, कडक ऊन आणि घामाने चिकटणारे घट्ट कपडे मात्र जखम भरेपर्यंत टाळावेत.

लाली कमी होण्याऐवजी पसरू लागली, पू आला किंवा ताप चढला, तर टॅटू काढणाऱ्याऐवजी डॉक्टरांना गाठावे. विशेषतः लाल रंगाची ॲलर्जी काही महिन्यांनीही उद्भवू शकते. ज्यांना किलॉइड, म्हणजे मूळ जखमेची सीमा ओलांडून वाढणारा जाड वण, होण्याची प्रवृत्ती आहे, त्यांनी टॅटूचा विचार सोडलेलाच बरा. सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच नसावा, कारण दूषित सुईतून हिपॅटायटिस बी आणि सी यांचे विषाणू संक्रमित होतात. याच धोक्यामुळे भारतातील रक्तपेढ्या टॅटूनंतर वर्षभर रक्त स्वीकारत नाहीत. म्हणून नियमित रक्तदात्याने आधी रक्तदान उरकावे आणि मग स्टुडिओची वेळ ठरवावी.